डिश आग्नेयेलाच का लावतात?
(फ्री डिशच्या ग्राहकांसाठी)

नौपाड्यापासून ऐरोली-वाशीपर्यंत कुठल्याही गच्चीवर जा, फ्री डिशच्या छत्र्या एकाच बाजूला तोंड करून दिसतील. कारण त्यांचा उपग्रह एकच आहे, इस्रोचा जीसॅट-१५. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो फ्रेंच गयानातल्या कुरूहून सुटला. आता तो विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असतो. त्या उंचीवर एक फेरी २३ तास ५६ मिनिटांची, म्हणजे पृथ्वीच्या गिरकीएवढीच. त्यामुळे आपल्याला तो जागचा हलत नाही असं दिसतं, आणि छत्री एकदा रोखली की काम झालं.

ठाण्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५७ अंश वर येतो. छत्री मात्र इतकी वर बघताना दिसत नाही, कारण तिचा एलएनबी, म्हणजे छत्रीसमोर दांड्यावर बसवलेला सिग्नल पकडणारा भाग, मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. म्हणूनच "समोर टॉवर झाला, आता काही येणार नाही" असं बरेच जण धरून चालतात. घोडबंदर रोडला हे रोज ऐकतो. टॉवर वीस मीटरवर असेल, तर तुमच्या छत्रीपेक्षा निदान दहा मजले उंच असल्याशिवाय तो आड येत नाही. खरी अडचण असते ती उत्तरेकडे किंवा पश्चिमेकडे उघडणाऱ्या गॅलरीची. तिथे छत्री लावून पैसे घालवू नका. सोसायटीकडून गच्चीची परवानगी काढा.

पावसाचं म्हणाल तर या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर. धो-धो सरीत थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. सर ओसरली की चित्र आपोआप येतं. त्यासाठी आम्हाला बोलावून व्हिजिटचा खर्च करू नका. पाऊस थांबून तासभर झाला तरी चित्र नसेल, तर बहुतेक केबलच्या टोकाच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलेलं असतं. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत तर हे जास्तच. कनेक्टर उघडला की आतली तांब्याची तार हिरवी पडलेली दिसते. टोक कापून नवा कनेक्टर लावला की झालं. एलएनबी बदलायची गरज सहसा पडत नाही, कोणी काहीही सांगो.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि सप्टेंबरअखेरीस-ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास चित्र थोडा वेळ फुटतं. सूर्य तेव्हा उपग्रहाच्या बरोबर मागे आलेला असतो. ते आपलं आपण थांबतं.

छत्रीच्या दांड्याला कपडे वाळत घालायची दोरी मात्र बांधू नका. ओल्या चादरीच्या ओझ्याने ती दोन-तीन अंश जरी फिरली, तरी सिग्नल गेलाच.

फोन करण्याआधी बॉक्सच्या मेनूत सिग्नल क्वालिटी किती दाखवतंय ते बघून ठेवा, आणि गच्चीची चावी कोणाकडे आहे तेही विचारून ठेवा.