किल्पेकचं चर्च

किल्पेक हे इंग्लंडमधल्या हेरेफर्डशर काउंटीतलं एक छोटंसं खेडं, हेरेफर्ड शहरापासून साधारण १४ किमी नैर्ऋत्येला, वेल्सची हद्द इथून जवळच. इथलं सेंट मेरी अँड सेंट डेव्हिड चर्च साधारण ११४० च्या सुमाराचं आहे. आकाराने म्हणाल तर अगदीच लहान, पण कोरीवकाम असं की रोमनेस्क शैलीवर (युरोपातली ११व्या-१२व्या शतकातली जाड भिंती आणि अर्धगोल कमानींची बांधणी) बोलताना ह्याचं नाव निघतंच.

१०६६ नंतर नॉर्मन लोकांनी (फ्रान्समधल्या नॉर्मंडीचे) इंग्लंड घेतलं आणि वेल्सच्या सीमेवर आपले सरदार बसवले. किल्पेकही असंच एका नॉर्मन घराण्याकडे गेलं आणि त्यांनी इथे मातीचा उंच ढीग करून त्यावर गढी बांधली, तो ढीग आणि वरच्या भिंतीचे थोडे तुकडे चर्चच्या मागे अजून आहेत. ह्याच घराण्यातल्या ह्यूने ११३४ मध्ये किल्पेकचं चर्च ग्लॉस्टरच्या मठाला देऊन टाकलं, आणि सध्याची इमारत त्यानंतर काही वर्षांतच उभी राहिली असं मानतात. गाव तेव्हा वाढत होतं, १३व्या शतकात आठवडी बाजाराची परवानगीही मिळाली, पण पुढे वस्ती आटली, जुन्या गावाचे आता जमिनीवर फक्त उंचवटे दिसतात. माझ्या मते चर्च वाचलं ते ह्यामुळेच. ज्या गावांत नंतर पैसा आला तिथे लोकांनी जुनी चर्चं पाडून मोठी केली, मनोरे चढवले. इथे तसं काही झालं नाही, आराखडा अजूनही १२व्या शतकातलाच, पुढे सभामंडपासारखा भाग, मग त्याहून अरुंद चॅन्सल (वेदीचा भाग) आणि शेवटी टोकाचा अर्धगोल भाग म्हणजे अ‍ॅप्स, सगळं एका रेषेत.

खरी मजा दक्षिणेकडच्या दारात आहे. बांधकाम तिथल्याच तांबड्या वालुकाश्माचं, आणि दगड इतका चिवट की ८०० च्या वर वर्षं झाली तरी कडा साबूत आहेत. दारावरच्या अर्धगोलात जीवनवृक्ष, बाजूच्या खांबांवर एकमेकांत गुंतलेले साप, वेलींत अडकलेले पँट घातलेले दोन योद्धे, तोंडातून पानं ओकणारा चेहरा, कमानीवर चोचवाली डोकी. पश्चिमेच्या भिंतीतून तर जबडा वासलेल्या ड्रॅगनची मुंडकी बाहेर आलीयेत, ती बघून व्हायकिंग जहाजांची आठवण बऱ्याच जणांना होते. हे कारागीर 'हेरेफर्डशर स्कूल' (म्हणजे एकाच शैलीत काम करणारा गट) म्हणून ओळखले जातात, नावं कोणाचीच माहीत नाहीत. आत चॅन्सलच्या कमानीला दोन्ही बाजूंना एकावर एक उभे संत कोरलेत, आणि त्याचा संबंध स्पेनमधल्या सांतियागो दे कॉम्पोस्तेलाच्या शिल्पांशी जोडतात, कारण ह्याच काउंटीतल्या शॉबडनचं चर्च बांधणारा ऑलिव्हर द मर्लिमाँड तिथे यात्रेला जाऊन आला होता.

छपराखालून चर्चभोवती दगडी तोड्यांची (छपराला आधार देणारे, भिंतीबाहेर आलेले दगड) रांग फिरते, त्यातले ८५ शिल्लक आहेत. कुत्रा आणि ससा शेजारीशेजारी (हा सगळ्यात लाडका), वाद्य वाजवणारा माणूस, डुक्कर, आणि ती प्रसिद्ध शीला-ना-गिग, म्हणजे दोन्ही हातांनी आपली योनी फाकवून दाखवणारी बाई. चर्चच्या भिंतीवर हे कशाला, तर कोणी म्हणतं वासनेविरुद्ध इशारा, कोणी म्हणतं दृष्ट लागू नये म्हणून, कोणी जुनी सुफलतेची देवता म्हणतं, एकमत नाही. आपल्याकडच्या वाचकाला लगेच लज्जागौरी आठवेल पण दोघींत ऐतिहासिक धागा असल्याचा पुरावा नाही, तेव्हा उगाच जोडू नये.

१९व्या शतकाच्या मध्याला चर्चची दुरुस्ती झाली, त्या काळच्या मानाने बरीच जपून. चर्च आज ग्रेड १, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची, संरक्षित इमारत आहे आणि तिथे प्रार्थनाही होतात.