पूजेला कोण बसणार? धार्मिक घरातील नास्तिकाची पार्श्वभूमी

गणपतीच्या प्राणप्रतिष्ठेला कोण बसणार, वडिलांच्या वर्षश्राद्धाला दर्भ कोण हातात घेणार, नातवाची मुंज करायची की नाही, अशा प्रश्नांवरून मराठी घरातील नास्तिकाचे घरच्यांशी बिनसते. ईश्वर आहे की नाही, या तात्त्विक प्रश्नावर मात्र आपल्याकडे जेवणाच्या पाटावर फारसे कोणी भांडत नाही. याचे मूळ बरेच जुने आहे. 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः' या पाणिनीच्या सूत्रावरील टीकाकारांनी परलोक मानतो तो आस्तिक आणि मानत नाही तो नास्तिक, असा अर्थ लावला. मनुस्मृतीने वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक म्हटले. जगाचा कर्ता असा ईश्वर न मानणारे सांख्य आणि यज्ञाचे फळ द्यायला देवाची गरज नाही असे म्हणणारे पूर्वमीमांसक, हे दोघेही आस्तिक दर्शनांतच मोजले गेले. म्हणजे मनात काय आहे यापेक्षा हातून कर्म घडते की नाही, याची चौकशी परंपरेने अधिक केली, आणि घरातील वडीलधारी मंडळी आजही तीच करतात. 'मनात नसेल तर नसू दे, पण नमस्कार तर कर' हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा मराठी नास्तिक विरळाच.

कर्म एकट्याचे नसते, ही यातली खरी अडचण आहे. बहुतेक गृह्यविधी सपत्नीक करायचे असतात. पत्नी हजर नसेल तर यजमानाने कमरेला सुपारी लावून बसावे, अशी सोय रूढीने करून ठेवली आहे. नवरा बसायला तयार नसेल तर बायकोने काय करावे, याची तशी सुटसुटीत सोय मात्र नाही. मग दीर बसतो, मुलगा बसतो, किंवा ती नुसती ताटे वाढते. पुरुषाच्या अश्रद्धेची किंमत घरातील बाई कशी चुकवते, हे महाराष्ट्रातील बुद्धिवादाच्या इतिहासात फारसे लिहिले गेलेले नाही, पण तो इतिहास वाचताना ते जागोजागी दिसते.

गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांच्यापासून हे स्पष्ट दिसू लागते. १८८८ मध्ये 'सुधारक' हे पत्र सुरू केल्यावर त्यांनी देवतांच्या कल्पना कशा निर्माण झाल्या, सोवळे कशासाठी, प्रेतसंस्कार कशासाठी, असे प्रश्न उघडपणे छापले, आणि पुण्यातील सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी अंत्ययात्रा काढली. त्यांच्या पत्नी यशोदाबाई मात्र श्रद्धाळू होत्या. आगरकरांनी त्यांच्या व्रतवैकल्यांवर सक्तीने हात घातला नाही. विरोधकांनी हा दुटप्पीपणा ठरवला असता. माझ्या मते स्त्रीला स्वतंत्र बुद्धी आहे असे लिहिणाऱ्या माणसाला दुसरा मार्गच नव्हता. तरी पतीची जिवंतपणी तिरडी काढणाऱ्या समाजातूनच रोज पाणी भरायला जायचे ते यशोदाबाईंनाच होते, ही बाब चरित्रांत ओझरतीच येते.

अश्रद्धेला कायद्यात पहिली जागा मिळाली ती विवाहाच्या निमित्ताने, आणि तीही चमत्कारिक रीतीने. बंगालमधील एकेश्वरवादी सुधारक पंथ असलेल्या ब्राह्मो समाजातील केशवचंद्र सेन यांच्या अनुयायांना आपले विवाह कायदेशीर ठरवून हवे होते. त्यातून १८७२ चा तिसरा कायदा झाला, पण त्याखाली लग्न करणाऱ्यांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी कोणताही धर्म मानत नाही असे लिहून द्यावे लागे. परिणामी देवावर गाढ श्रद्धा असलेली ब्राह्मो मंडळी 'आम्ही हिंदू नाही' असे जाहीर करून बोहल्यावर चढली, आणि आंतरजातीय विवाह करू पाहणाऱ्या कितीतरी आस्तिकांपुढे खोटे बोला किंवा लग्न सोडा, असा पर्याय उरला. १९२३ मध्ये कायदेमंडळाचे सदस्य हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांना आपसांत विवाहासाठी ही अट शिथिल झाली, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ती सर्वांसाठीच काढून टाकली. गोव्यात तर १९१० च्या पोर्तुगीज हुकुमापासून विवाह ही मुळात नागरी नोंदणीची बाब आहे.

१९५४ च्या कायद्यातही एक काटा होता. एकत्र कुटुंबातील हिंदूने त्याखाली लग्न केले की तो कुटुंबापासून विभक्त झाला असे मानले जाई, आणि त्याच्या वारशाला भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होई. भटजीविना लग्न करू म्हणणाऱ्या मुलाला 'मग घराशी संबंध संपला' असे दटावणारे वडील त्यामुळे अगदीच हवेत बोलत नव्हते. १९७६ च्या दुरुस्तीने दोन्ही पक्ष हिंदू असतील तर हा परिणाम टळला. उलट बाजूने, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने हिंदू घरात जन्मलेल्या नास्तिकाला हिंदूच धरले. जोडीदाराने धर्मांतर केले तर त्याखाली घटस्फोट मागता येतो. त्याने देव मानणे सोडले, एवढ्यावर मागता येत नाही.

लग्नापेक्षा मरण अधिक कसोटीचे ठरले. विनायक दामोदर सावरकरांच्या पत्नी यमुनाबाई १९६३ मध्ये वारल्या, तेव्हा सावरकरांनी धार्मिक उत्तरकार्य करण्यास नकार दिला आणि ते व्हावे म्हणून काही महिलांनी त्यांच्या दादरच्या घरासमोर धरणे धरले. हिंदुत्वाच्या प्रवर्तकाच्या दारात हे घडावे, यात नवल वाटायला नको. त्यांची हिंदुत्वाची व्याख्या श्रद्धेवर उभी नव्हती. १९६६ मध्ये स्वतःच्या देहासाठीही त्यांनी विद्युतदाहिनीच सांगून ठेवली होती.

मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई यांचे उदाहरण याहून अवघड आहे, कारण त्यांच्या समाजात दहन ही कल्पनाच असह्य होती. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे दलवाई १९५६ मध्ये मेहरुन्निसा यांच्याशी विवाहबद्ध झाले तेव्हा आधी निकाह झाला आणि नंतर विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी झाली. दोन्ही घरांची समजूत आणि स्वतःचे मत, दोन्ही सांभाळण्याचा हा मार्ग पुढे अनेक मराठी जोडप्यांनी आपापल्या धर्मात वापरलेला दिसतो. १९७० मध्ये त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. १९७७ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणताही विधी न करता मुंबईत चंदनवाडीच्या विद्युतदाहिनीत त्यांचे दहन झाले. त्या निर्णयाचा रोष नातेवाइकांकडून आणि समाजाकडून ज्यांनी झेलला, त्या मेहरुन्निसाबाईंनी पुढे मंडळाचे कामही चालवले. इच्छापत्र लिहिणारा निघून जातो. ते अमलात आणणाऱ्याला मागे राहावे लागते.

याच्या उलट चित्र १९५६ च्या धम्मदीक्षेचे आहे. 'मी श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही' ही डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबरला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक. त्यानंतर घरेच्या घरे देव्हाऱ्यातील टाक बाहेर काढून मोकळी झाली. बौद्ध म्हणजे नास्तिक नव्हे, हे खरे. पण वस्तीच्या वस्ती एकत्र बाहेर पडते तेव्हा कोणाला एकट्याने आईची समजूत काढावी लागत नाही, हा फरक मोठा आहे. ब्राह्मण आणि मराठा घरांतील नास्तिक एकेकटा निघाला आणि म्हणून एकटा पडला.

संघटित चळवळीने या एकटेपणावर जाणीवपूर्वक तोड काढली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची देवाधर्माबाबतची भूमिका तटस्थतेची राहिली. अभिनेते डॉ. श्रीराम लागू यांच्याबरोबरच्या जाहीर कार्यक्रमांत लागू 'देवाला आता निवृत्त करा' म्हणत आणि दाभोलकर समिती तसे म्हणत नाही हे सांगत, एकाच व्यासपीठावरून. काही नास्तिकांना ही कच खाणे वाटे. परंतु ज्या कार्यकर्त्याला संध्याकाळी वारकरी वडिलांच्या घरी परतायचे आहे, त्याला शोषणाविरुद्ध बोलण्याची मुभा आणि श्रद्धेबद्दल गप्प राहण्याची सवलत, दोन्ही हव्या होत्या. महात्मा फुल्यांच्या परंपरेतील, भटजीविना होणाऱ्या सत्यशोधकी विवाहाचा समितीने पुरस्कार केला, त्याचे कारणही व्यावहारिक आहे: हार, वचने, पाहुणे आणि जेवण सगळे होते, त्यामुळे 'लग्नासारखे लग्न झाले नाही' ही आईची तक्रार बरीचशी मिटते. देहदानाचेही तसेच झाले. शवविच्छेदनासाठी देह उपलब्ध करून देण्याचा कायदा मुंबई प्रांतात १९४९ मध्येच झाला, पण ते रुजवताना नाव दधीची ऋषींचे घेतले गेले, आणि नास्तिक मुलगा व भाविक वडील एकाच अर्जाच्या नमुन्यावर सह्या करू लागले.

२०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे ३३ हजार जणांनीच धर्माच्या रकान्यात नास्तिक असे नोंदवले, त्यांतील नऊ हजारांहून अधिक महाराष्ट्रातील होते. ही नोंद बहुधा कुटुंबप्रमुखाच्या तोंडून होते, हे लक्षात घेतले तर त्या आकड्यावरून घराघरांतील नास्तिकांची संख्या कळत नाही. प्रगणकासमोर वडील 'हिंदू' सांगतात आणि आतल्या खोलीतला मुलगा वाद घालायला बाहेर येत नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, कोणत्याही सरकारी अर्जात नागरिकाला आपला धर्म सांगण्याची सक्ती करता येणार नाही आणि आपण कोणताच धर्म मानत नाही असे म्हणण्याचा अधिकार घटनेच्या पंचविसाव्या कलमातच आहे, असा निर्णय दिला. ती याचिका करणारे येशू ख्रिस्ताला मानणारे भाविक होते.