कर्ज बँकेचे, शब्द कोणाचा?

जागतिक बँकेचे पहिले कर्ज फ्रान्सला मिळाले. मे १९४७, रक्कम २५ कोटी डॉलर, म्हणजे फ्रान्सने मागितले होते त्याच्या निम्मे. तेव्हा पॅरिसच्या मंत्रिमंडळात कम्युनिस्ट मंत्री होते आणि ते अमेरिकेच्या डोळ्यांत खुपत होते. ५ मे रोजी या मंत्र्यांना सरकारातून काढण्यात आले आणि ९ मे रोजी कर्ज मंजूर झाले. त्यांच्या गच्छंतीला देशांतर्गत कारणेही होती, तरी कर्जाच्या वाटाघाटींवर अमेरिकी परराष्ट्र खात्याची सावली होती, हे इतिहासकारांनी नोंदवले आहे.

बँकेची घटना मात्र वेगळेच सांगते. १९४४ साली ब्रेटन वूड्स येथे ४४ देशांनी ती मान्य केली. बँकेने कोणत्याही सदस्य देशाच्या राजकारणात ढवळाढवळ करू नये आणि निर्णय केवळ आर्थिक निकषांवर घ्यावेत, असे तिच्यात स्पष्ट लिहिले आहे. पण त्याच घटनेने मते भागभांडवलाच्या प्रमाणात वाटली. ज्याचा वाटा मोठा त्याचे मत मोठे. सुरुवातीला एकट्या अमेरिकेकडे ३० टक्क्यांहून अधिक मते होती. आज ती सुमारे १६ टक्क्यांवर आली आहेत, तरी घटनेत बदल करायला ८५ टक्के मते लागतात. ही अट पूर्वी ८० टक्क्यांची होती. अमेरिकेचा वाटा घसरत गेला तशी १९८९ मध्ये ती वाढवली गेली, त्यामुळे अमेरिकेच्या संमतीवाचून बदल होत नाही, हा तिचा नकाराधिकार अबाधित राहिला. अध्यक्ष अमेरिकेच्या पसंतीचाच, हा संकेतही आजवर मोडलेला नाही. मनिलाच्या आशियाई विकास बँकेतही असेच, तिथे १९६६ पासून अध्यक्ष जपानी आहे.

या टक्केवारीत अडकले की खरी गोष्ट निसटते. संचालक मंडळात मतदान क्वचितच होते, बहुतेक प्रस्ताव सहमतीने मंजूर होतात. ज्या प्रस्तावाला मोठ्या भागधारकाचा विरोध होईल, तो मंडळापुढे येतच नाही. १९५६ मध्ये अमेरिकेने आणि पाठोपाठ ब्रिटनने इजिप्तच्या आस्वान धरणातून अंग काढून घेतले, तेव्हा जागतिक बँकेचे २० कोटी डॉलरचे कर्जही आपोआप बारगळले. चिलीमध्ये डावे नेते साल्वादोर आयेंदे सत्तेवर असताना (१९७०-७३) बँकेने नवे कर्ज दिले नाही. लष्करी उठावानंतर ते पुन्हा सुरू झाले. बँकेने यासाठी आर्थिक कारणे दिली होती आणि ती सगळीच खोटी नव्हती. म्हणूनच हा प्रभाव बोट दाखवून सिद्ध करणे अवघड जाते.

१९६० मध्ये आंतरराष्ट्रीय विकास संघटना, म्हणजे आयडीए, स्थापन झाली आणि दाब टाकायला नवी जागा मिळाली. मूळ बँक रोखे विकून पैसा उभारते. आयडीए गरीब देशांना जवळपास बिनव्याजी कर्ज देते, त्यामुळे श्रीमंत सरकारांकडून दर काही वर्षांनी तिची झोळी पुन्हा भरून घ्यावी लागते. अमेरिकेचा हिस्सा काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, मंजुरीवाचून येत नाही. १९७८ मध्ये बँकेने व्हिएतनामला सिंचनासाठी कर्ज दिले. पुढच्याच वर्षी काँग्रेसमध्ये आयडीएचा निधी अडला, तेव्हा बँकेचे अध्यक्ष रॉबर्ट मॅकनमारा यांनी व्हिएतनामला नवे कर्ज देणार नसल्याचे लेखी कळवले. तिथले कर्ज पुन्हा सुरू व्हायला १९९३ उजाडले. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशातल्या शेतकऱ्यांना या वर्षांची काय किंमत पडली असेल, याची नोंद कोणत्याही ताळेबंदात नाही.

तरी प्रत्येक दबाव वाईटच, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सरदार सरोवरासाठी बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. विस्थापितांच्या लढ्यामुळे बँकेला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली आणि १९९२ च्या मोर्स अहवालाने प्रकल्पातल्या गंभीर त्रुटी दाखवल्या. त्यावर्षी मंडळात अमेरिका, जपान, जर्मनी यांच्या संचालकांनी कर्ज चालू ठेवण्यास विरोध केला. ते हरले, पण मार्च १९९३ मध्ये भारतानेच उरलेले कर्ज नाकारले. त्याच वर्षी बाधितांना थेट तक्रार करता येईल असे निरीक्षण पॅनेल बँकेने स्थापन केले. त्यामागेही अमेरिकी काँग्रेसने आयडीएच्या निधीला लावलेला रेटा होता. नर्मदाकाठच्या माणसांचा आवाज वॉशिंग्टनमध्ये ऐकू आला, कारण तिथल्या खासदारांच्या हाती थैली होती. मला यातले न्याय्य फळ आणि अन्याय्य वाट, दोन्ही खरे वाटतात.

पुढे हा खेळ एकट्या अमेरिकेचा राहिला नाही. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर श्रीमंत देशांच्या आग्रहाने भारताची अनेक कर्जे लांबणीवर पडली. २००९ मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या एका प्रकल्पामुळे आशियाई विकास बँकेच्या भारतविषयक आराखड्याला चीनने हरकत घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत दोन वर्षांसाठी निवडून गेलेल्या देशांना त्या काळात जागतिक बँकेचे प्रकल्प अधिक मिळतात, असे ड्रेहर, स्टर्म आणि व्रीलँड या अभ्यासकांना त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

या नाराजीतूनच नव्या बँका उभ्या राहिल्या. २०१६ मध्ये सुरू झालेल्या आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेत चीनकडे सुमारे २६ टक्के मते आहेत आणि मोठ्या निर्णयांना ७५ टक्के लागतात, म्हणजे नकाराधिकाराचे गणित जुनेच. ब्रिक्स देशांच्या न्यू डेव्हलपमेंट बँकेत ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका या पाचही संस्थापकांचा वाटा समान आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा पुढच्याच महिन्यात या दोन्ही बँकांनी रशियातले नवे काम थांबवले. ब्रिक्स बँकेत रशिया संस्थापक आहे, अमेरिका सदस्यसुद्धा नाही. पण डॉलरचे रोखे विकायचे तर त्या बाजाराचा आणि पतमानांकन संस्थांचा विश्वास टिकवावाच लागतो.