समाजमाध्यमे व युवकांचा शासन-सहभाग (नागपूर)

फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, एक्स (पूर्वीचे ट्विटर) यांसारख्या माध्यमांतून तरुण नागरिकांनी स्थानिक कारभारावर मत मांडणे, तक्रार करणे व निर्णयावर प्रभाव टाकणे.

‘सहभाग’ नेमका कशाला म्हणावे, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. खड्ड्याचे छायाचित्र काढून महानगरपालिकेच्या खात्याला टॅग करणे हाही सहभागच, असा एक पक्ष आहे. अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या नागरिक-सहभागाच्या आठ पायऱ्यांच्या शिडीत मात्र माहिती मिळणे व सल्ला विचारला जाणे या नाममात्र सहभागाच्या पायऱ्या ठरतात. खरा सहभाग त्यांच्या वर, निर्णयातील वाट्यापाशी सुरू होतो. नागपूरपुरते हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण अशा वाट्याची तरतूद कायद्यातच आहे.

७४ व्या घटनादुरुस्तीने (अंमल १ जून १९९३) तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. मतदान केंद्राच्या क्षेत्रातील सर्व नोंदणीकृत मतदारांची ‘क्षेत्र सभा’ ही राज्याच्या कायद्यात साधारणतः २००९ पासूनची तरतूद. नागपूर महानगरपालिका (स्थापना १९५१) १९४८ च्या स्वतंत्र अधिनियमाखाली चालत असे. राज्यातील महानगरपालिकांचा सामाईक अधिनियम तिला २०११–१२ च्या सुमारास लागू झाला. ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय १८ झाल्याने अठरा वर्षे पूर्ण केलेला व मतदार म्हणून नोंदलेला महाविद्यालयीन विद्यार्थीही क्षेत्र सभेचा हक्काचा सदस्य ठरतो. राज्यात ही तरतूद बहुतांशी कागदावरच राहिली, ही खेदाची बाब होय. मार्च २०२२ मध्ये नागपूर महानगरपालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेल्यावर समाजमाध्यमांवरील तक्रारींचे महत्त्व बहुधा वाढले.

अभिव्यक्तीच्या बाजूने पालघर प्रकरण (२०१२) महत्त्वाचे. फेसबुकवरील मजकुरामुळे दोन तरुणींना अटक झाली. त्यात लावलेले माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६अ (ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुरासाठी शिक्षा) पुढे सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. याच माध्यमांतून अफवाही पसरतात. मार्च २०२५ मधील नागपूरच्या महाल भागातील हिंसाचारात त्याचा प्रत्यय आला.

अजनी रेल्वे स्थानकाजवळील ‘अजनी वन’ या हिरव्या पट्ट्यातील झाडे नियोजित वाहतूक स्थानकाच्या प्रकल्पापासून वाचवण्याची मोहीम (२०२१ च्या सुमारास) हे नागपुरातील सर्वांत बोलके उदाहरण. समाजमाध्यमांवरील आवाहनांमुळे तरुण प्रत्यक्ष जागेवर जमले, आणि प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेला. १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार वृक्षतोडीपूर्वी जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. या मोहिमेत पोस्ट वाचणाऱ्यांनी अशा लेखी हरकतीही दाखल केल्या.