वर्ग, उत्पन्न आणि मतदान : कोल्हापूर जिल्हा

मतदाराचा धंदा, मालमत्ता, कमाई आणि समाजातली पायरी यांचा त्याच्या मताशी असलेला संबंध म्हणजे वर्गाधारित मतदान. ही कल्पना कारखानदारीच्या युरोपातून आली. मजूर डाव्या पक्षाला मत देतो, मालक आणि पांढरपेशे उजव्या पक्षाला, असे तिथले गणित होते आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमध्ये ते बरेचसे जुळतही असे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट आल्फर्ड यांनी १९६० च्या दशकात त्यासाठी एक साधे माप दिले. अंगमेहनत करणाऱ्यांपैकी जितके टक्के डाव्या पक्षांना मत देतात, त्यातून इतरांमधली तीच टक्केवारी वजा करायची. बाकी मोठी उरली तर वर्गाचा पगडा मोठा. पुढे बहुतेक पाश्चात्त्य देशांत ही बाकी घटत गेली. उच्चशिक्षित मतदार डावीकडे सरकला आणि कमी शिकलेल्या कष्टकऱ्यांचा मोठा भाग तिथून बाहेर पडला.

भारतात हे माप लावायला गेले की पहिल्याच पायरीला अडते, कारण इथे वर्गाला जात चिकटलेली आहे. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली मांडले होते. एकाच रानात भांगलण करणाऱ्या दोघी बायकांची मजुरी सारखी असते, पण संध्याकाळी त्या वेगवेगळ्या गल्लीत परततात आणि मतही बहुधा गल्लीचे असते. दुसरा फरक मतदानाच्या प्रमाणात दिसतो. पाश्चात्त्य देशांत पैसेवाला, शिकलेला माणूस गरिबापेक्षा जास्त मतदान करतो. आपल्याकडे गरीब वस्त्या आणि खेडी मागे राहत नाहीत, उलट उच्चभ्रू वसाहतींच्या पुढे असतात. १९९० च्या दशकात दलित, मागास आणि गरीब मतदारांचा सहभाग ठळकपणे वाढला. राजकीय अभ्यासक योगेंद्र यादव यांनी त्याला लोकशाहीतला दुसरा उठाव म्हटले. कोल्हापूर जिल्ह्यात तर मतदानाचा उत्साह नेहमीचाच. २०२४ च्या लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुकांत इथले मतदान ७० टक्क्यांच्या वर गेले.

जिल्ह्याची घडण

राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे स्वीकारले. राधानगरी धरणाची सुरुवातही त्यांचीच. जात, शिक्षण आणि पाणी हे तिन्ही प्रश्न इथे फार लवकर राजकारणाचे झाले. स्वातंत्र्यानंतर कूळकायद्याने कसणारा मालक झाला, नद्यांवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी पाणी शिवारात नेले आणि त्यामागून ऊस आला.

नावातच वर्ग असलेल्या शेतकरी कामगार पक्षाला या मातीत मोठा पाठिंबा होता. १९७७ च्या लोकसभेत पक्षाचे दाजिबा देसाई कोल्हापुरातून अवघ्या १६५ मतांनी निवडून आले. १९८५ साली एन. डी. पाटील विधानसभेत गेले. पुढे पक्षाची ताकद ओसरली, त्याची अनेक कारणे आहेत. त्यातले सर्वांत वजनदार कारण असे दिसते, की ज्या कुळाच्या वतीने पक्ष बोलत होता तो आता साखर कारखान्याचा सभासद झाला होता. त्याचे भांडण जमीनदाराशी उरले नव्हते. ऊस वेळेवर तुटतो का आणि बिल कधी जमा होते, हे त्याचे नवे प्रश्न होते.

ऊस, दूध आणि गट

कोल्हापुरात उत्पन्न मतावर परिणाम करते ते मुख्यतः ज्या वाटेने घरात येते त्या वाटेमुळे. कमाईचा आकडा त्यानंतर येतो. दोन एकर ऊसवाला आणि वीस एकर ऊसवाला एकाच कारखान्याचे सभासद असतात. वीस एकरवाला थांबू शकतो. दोन एकरवाल्याचा ऊस वेळेत गेला नाही तर वजन घटते, पुढचे पीक लांबते, सोसायटीचे कर्ज थकते. त्यामुळे तोड कोणाला आधी मिळते, याला त्याच्या लेखी फार मोल आहे, आणि तोडीचा कार्यक्रम कारखान्याच्या हातात असतो. कारखाना गटाचा, गट नेत्याचा. गावातली विकास सोसायटी, दूध संस्था, पतसंस्था यांच्यावरही बहुतेक ठिकाणी गटाचा शिक्का असतो, आणि सोसायटीला पीककर्जाचा पैसा जिल्हा बँकेतून येतो. इथल्या बोलीत ‘तो कुणाचा?’ या प्रश्नाचे उत्तर पक्षाच्या नावाने क्वचितच मिळते.

दूध हे लहान घराचे खरे रोखीचे साधन. १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाचे म्हणजे ‘गोकुळ’चे बिल दर दहा दिवसांनी येते आणि दिवाळीला दूध फरक, म्हणजे दुधाच्या दरातल्या फरकाची रक्कम, मिळते. ज्याला गुंठाभर जमीन नाही त्याच्या दारातही म्हैस असू शकते. मात्र संघाच्या संचालकांना निवडतात ते दूध घालणारे लाखो उत्पादक नव्हेत, तर संस्थांनी ठराव करून पाठवलेले प्रतिनिधी. २०२१ च्या निवडणुकीत हे ठरावधारक साडेतीन हजारांच्या आसपास होते आणि त्यांच्यासाठी झालेली चुरस आमदारकीच्या तोडीची होती. धारा काढणारी बाई आणि ठराव खिशात असलेला माणूस यांच्यातले हे अंतर जिल्ह्याच्या राजकारणातला खरा वर्गभेद दाखवते. त्याची चर्चा मात्र फार कमी होते.

२०१९ च्या लोकसभेत ‘आमचं ठरलंय’ या घोषणेखाली काँग्रेसच्या सतेज पाटील गटाने काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचा उमेदवार बाजूला ठेवून शिवसेनेच्या संजय मंडलिकांना साथ दिली आणि ते निवडून आले. पक्षाची विचारसरणी, आर्थिक धोरण यांतल्या कशाचाही अडसर त्या मतदानाला झाला नाही.

कागल

एका तालुक्यात हे सारे पाहायचे तर कागल. विक्रमसिंह घाटगे यांचा शाहू कारखाना, सदाशिवराव मंडलिक यांच्या गटाचा हमिदवाड्याचा कारखाना आणि हसन मुश्रीफ यांच्या गटाचा बेलेवाडी काळम्म्याचा कारखाना : तीन गट, तीन चिमण्या. घाटगे जहागीरदार घराण्यातले, मंडलिक शेतकरी घरातून वर आलेले. मुश्रीफ १९९९ पासून २०२४ पर्यंत सलग सहा वेळा आमदार झाले, तेही मुस्लिम मतदार थोडे असलेल्या मतदारसंघातून. जातीवरच मत पडते असे मानणाऱ्याने हा मतदारसंघ नीट अभ्यासावा. निराधारांना पेन्शन आणि रुग्णांना शस्त्रक्रिया मिळवून देणे ही मुश्रीफांची ओळख. ज्याच्याकडे ऊसच नाही, म्हणून ज्याची कारखान्याच्या दारात किंमत नाही, अशा भूमिहीनाला या वाटेने आमदाराचे दार उघडते.

इचलकरंजी

१९०४ साली इथे पहिला यंत्रमाग आला. शहराचे तीन थर आहेत : माग चालवणारा कामगार, दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारा खर्चीवाला आणि सूत-कापडाचा व्यापारी. कामगारांत लाल बावट्याचे काम जुने. पण खर्चीवाला धड मालक नाही आणि धड कामगारही नाही. मजुरीवाढीच्या वेळी तो मालक असतो, वीजदर सवलत मागताना लहान उद्योजक, आणि मंदीत त्याचे घर कामगाराच्या घरापेक्षा वेगळे दिसत नाही. पक्षांच्या नेहमीच्या खान्यांत तो बसत नाही, म्हणून वीजदराचे आश्वासन इथे कोणत्याही तत्त्वज्ञानापेक्षा लांब चालते. शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी आखलेल्या सुळकूड योजनेला दूधगंगाकाठच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा मागावरचा मजूर आणि त्याचा मालक एका बाजूला होते.

कोल्हापूर शहर आणि हद्दवाढ

शहरात पेठ आणि तालीम यांची ओढ कमाईपेक्षा मोठी ठरते. शिवाजी पेठेत सराफ आणि रिक्षावाला एकाच तालमीचे असतात. आर्थिक हित उघडे पडते ते हद्दवाढीच्या प्रश्नात. १९७२ साली महापालिका झाली आणि त्यानंतर पाच दशके हद्द तशीच राहिली. घरफाळा वाढेल, जमिनीवर आरक्षणे पडतील ही लगतच्या गावांची धास्ती, आणि त्या गावांची मते गमावण्याची उमेदवारांची धास्ती, या दोन्हींनी मिळून हा प्रश्न थोपवून धरला.

पैसा, योजना आणि २०२४

मतासाठी पैसे वाटण्याला लोक ‘लक्ष्मीदर्शन’ म्हणतात. गरीब माणूस पाकीट घेतो म्हणून मत विकतो, हा समज मात्र सरसकट धरता येत नाही. मत गुप्त असते आणि पाकिटे दोन्हीकडून येतात. शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी तर हा प्रवाह उलटा वळवला. ‘एक मत, एक नोट’ म्हणत त्यांनी मतदारांकडूनच वर्गणी घेतली. २००४ साली शिरोळमधून ते विधानसभेत आणि २००९ व २०१४ साली हातकणंगल्यातून लोकसभेत गेले. उत्पन्नाच्या प्रश्नावर, म्हणजे उसाच्या दरावर, उभी राहिलेली ही जिल्ह्यातली सर्वांत ठसठशीत चळवळ. तरीही २०१९ आणि २०२४ मध्ये ते पडले. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला गर्दी होत राहिली, दराच्या लढ्याला शेतकरी येत राहिला, पण मताच्या दिवशी त्यातला बराच भाग आपापल्या गटाकडे आणि पक्षाकडे गेला.

मे २०२४ मध्ये कोल्हापूरने काँग्रेसचे उमेदवार, राजघराण्याचे आजचे वारस शाहू छत्रपती यांना दीड लाखांहून अधिक मताधिक्याने लोकसभेत पाठवले. ‘मान गादीला, मत मोदीला’ ही विरोधी घोषणा चालली नाही. जमीन जाण्याच्या भीतीने नियोजित नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाविरुद्ध बागायतदार पेटलेला होता. नोव्हेंबरमध्ये त्याच जिल्ह्यातल्या विधानसभेच्या दहापैकी एकही जागा काँग्रेसच्या महाविकास आघाडीला मिळाली नाही. मधल्या काळात, जुलैपासून, महायुती सरकारची लाडकी बहीण योजना आली : २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या महिलांना दरमहा १५०० रुपये. निकालाचे सारे श्रेय एका योजनेला देणे चूक ठरेल. गटांची जुळवाजुळव तितकीच कामाला आली होती आणि शक्तिपीठाबाबत जिल्ह्यापुरते मागे येणे सरकारला भाग पडले होते. पण एक गोष्ट इथे खरोखर नवी होती. हा पैसा कारखाना, सोसायटी, संघ यांपैकी कोणाच्याही दारातून न जाता थेट बाईच्या स्वतःच्या खात्यावर आला. उसाचे बिल सहसा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर जमा होते.

यादीबाहेरचे

जिल्ह्याच्या उत्पन्नाच्या उतरंडीत सगळ्यांत खाली असलेले पुष्कळजण इथे मतदारच नसतात. बीडसारख्या जिल्ह्यांतून हंगामाला येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांचे नाव त्यांच्या गावच्या यादीत असते. उत्तर प्रदेश आणि बिहारमधून इचलकरंजीला आलेल्या अनेक माग कामगारांचेही तसेच. ज्यांच्या कोयत्यावर इथले कारखाने चालतात ते फडाशेजारी पाचटाच्या खोपीत राहतात. प्रचाराची गाडी त्या खोपीवरून पुढच्या गावाला जाते.