चुकीच्या मशीन कोडने जुना कॉम्प्युटर जळतो का?

असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरला थेट सूचना देणाऱ्या भाषेत, एक बाइट चुकला की जुना होम कॉम्प्युटर कायमचा जळतो, असं नवशिक्यांना हमखास सांगितलं जातं.

कमोडोर ६४ या १९८०च्या दशकातल्या होम कॉम्प्युटरवर तसं होत नाही. तुमचा कोड रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत असतो. वीज बंद केली की तो जातो. बेसिक ही त्याची अंगभूत भाषा रॉममध्ये, म्हणजे फक्त वाचता येणाऱ्या मेमरीत असते. रॉमच्या पत्त्यावर लिहिलेला बाइट त्याच पत्त्याच्या रॅममध्ये पडतो, रॉम जशीच्या तशी राहते.

करून बघा. ४९१५२ या पत्त्यापासून ७६, ०, १९२ हे तीन बाइट पोक करा (POKE ही पत्त्यावर बाइट लिहिणारी बेसिकची आज्ञा), मग सिस ४९१५२ (SYS त्या पत्त्यावरचा कोड चालवते). ७६ म्हणजे जम्प, दिलेल्या पत्त्यावर उडी मारायची सूचना. पुढचा पत्ता ०+१९२×२५६, म्हणजे पुन्हा ४९१५२च! प्रोसेसर तिथेच फिरत राहतो, पुढच्या आज्ञेसाठी तयार असल्याचं 'रेडी' पडद्यावर उमटत नाही. रन-स्टॉप आणि रिस्टोअर या कळा एकत्र दाबा, मशीन पूर्ववत.

समजूत अगदीच निराधार नाही. त्याआधीच्या कमोडोर पेट या कॉम्प्युटरच्या काही मॉडेलांवर एका विशिष्ट पोकने मॉनिटर खरोखर बिघडू शकत असे. पेटवरचे प्रयोग एम्युलेटरमध्येच, म्हणजे त्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्येच केलेले बरे.