ह्मोंग नभोवाणी

ह्मोंग नभोवाणी : लाओस, व्हिएतनाम व थायलंडच्या डोंगराळ भागांतील ह्मोंग लोकांसाठी आणि १९७५ नंतर अमेरिकेत स्थायिक झालेल्या त्यांच्या निर्वासित समाजासाठी ह्मोंग भाषेत होणारे ध्वनिक्षेपण. या नभोवाणीचा इतिहास हा फारसा स्वतःच्या केंद्रांचा इतिहास नाही. दुसऱ्याच्या केंद्रावर मिळालेल्या किंवा विकत घेतलेल्या वेळेचा तो इतिहास आहे.

ह्मोंग ही स्वरभेदी भाषा असून सुराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ पालटतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिला सर्वत्र रूढ अशी लिपी नव्हती. लाओसमध्ये १९५१–५३ च्या सुमारास मिशनऱ्यांनी रोमन अक्षरांची लेखनपद्धती तयार केली, तर १९५९ मध्ये शाँग लू यांग या शेतकऱ्याने ‘पहाउ’ ही स्वतंत्र लिपी घडवली. तरीही वंशकथा, अंत्यविधीची गीते व ‘क्वू त्सिया’ हे गेय काव्य मुखोद्गत परंपरेनेच टिकले. वाचता न येणाऱ्या आजीलाही रेडिओ कळत होता, ही गोष्ट पुढील सर्व घडामोडींच्या मुळाशी आहे.

लाओसमधील कम्युनिस्टांविरुद्धच्या युद्धकाळात ह्मोंग सेनापती वांग पाओ यांच्या लाँग टिएंग तळावर ‘लाओ वंशसंघा’चे आकाशवाणी केंद्र होते. अमेरिकेच्या पाठिंब्याने चालणाऱ्या या केंद्रावरून लाओ भाषेबरोबरच ह्मोंगमध्येही प्रसारण होई. बातम्या, गाणी व युद्धप्रचार यांचे ते मिश्रण होते. मे १९७५ मध्ये तळ कम्युनिस्टांच्या हाती पडला आणि हजारो कुटुंबांनी मेकाँग ओलांडून थायलंड गाठले. छावण्यांतील लोक व परदेशी गेलेले नातलग यांच्यात तेव्हा ध्वनिफितींची देवघेव चाले. पत्र लिहिण्याऐवजी बोलून वा गाऊन फीत पाठवण्याची ही सवय पुढे रेडिओला पोषक ठरली.

प्रसारणाचा सर्वांत अनपेक्षित परिणाम उत्तर व्हिएतनाममध्ये दिसला. मनिला येथील एका ख्रिस्ती संस्थेचे लघुलहरींवरील ह्मोंग कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील खेड्यांत ऐकले जाऊ लागले आणि धर्मोपदेशक प्रत्यक्ष पोहोचण्याआधीच गावेच्या गावे प्रॉटेस्टंट पंथाकडे वळली. सरकारने याकडे संशयाने पाहिले. व्हिएतनामच्या राष्ट्रीय नभोवाणीवरही ह्मोंग भाषेतील सेवा चालते. एकाच श्रोत्यासाठी दोन आवाज स्पर्धा करीत असल्याचे हे उदाहरण आहे.

अमेरिकेत ह्मोंग वस्ती प्रामुख्याने कॅलिफोर्निया, मिनेसोटा व विस्कॉन्सिन या राज्यांत एकवटली. तेथे आरंभी सामुदायिक केंद्रांवरील आठवड्यातून एखादा तास आणि व्यापारी मध्यमलहरी केंद्रांवर भाड्याने घेतलेला वेळ, एवढेच साधन होते. निवेदक स्वतः जाहिराती गोळा करीत आणि त्यातून वेळेचे भाडे भरीत. फ्रेस्नो येथील केबीआयएफ या ९०० किलोहर्ट्झच्या केंद्रावर ह्मोंगप्रमाणे पंजाबी कार्यक्रमही लागत. म्हणजे पंजाबी शेतकरी आणि ह्मोंग भाजीपाला उत्पादक एकाच लहरीचे भागीदार होते. नववर्षाचा उत्सव, अंत्यविधींच्या सूचना, नोकरी, वैद्यकीय सल्ला व सरकारी योजना असे विषय या कार्यक्रमांत येत. अंत्यविधी कित्येक दिवस चालत असल्याने आणि कुळातील माणसे दूरदूर विखुरलेली असल्याने निधनाची वार्ता तत्काळ पोहोचवणे ही सामाजिक गरजच होती.

केंद्राची मालकी क्वचितच समाजाकडे आली. अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाने जानेवारी २००० मध्ये अल्पशक्ती एफएम केंद्रांची योजना मंजूर केली. कमाल १०० वॅट शक्ती, सुमारे साडेपाच किलोमीटरचा पल्ला आणि केवळ ना-नफा संस्थांना परवाना, अशी तिची चौकट होती. विस्कॉन्सिनमधील वॉसॉ शहरातील ९३.३ मेगाहर्ट्झवरील डब्ल्यूएनआरबी हे केंद्र तेथील ह्मोंग परस्परसाहाय्य संस्थेच्या नावावर याच योजनेखाली चालले. १९८० पूर्वी जवळजवळ पूर्णतः गोऱ्या असलेल्या या छोट्या शहरात एवढी ह्मोंग वस्ती झाली होती की एवढ्याशा पल्ल्यातही पुरेसे श्रोते सापडत. सेंट पॉलच्या ईशान्येकडील न्यू रिचमंडचे १५९० किलोहर्ट्झचे केंद्र एकेकाळी ग्रामीण अमेरिकी संगीत वाजवी. ते पुढे ह्मोंग कंपनीच्या हाती गेले.

याहून वेगळी कल्पना टेलिफोनची. सामूहिक दूरध्वनीच्या मोफत सेवेवर एक क्रमांक फिरवला की शेकडो, प्रसंगी हजारो माणसे एकाच संभाषणाला जोडली जात. बहुतेक जण मूकपणे ऐकत, बोलायची इच्छा असलेला खूण करून पाळी मिळवी. परवाना, मनोरा किंवा संगणक यांची गरज नव्हती. कारखान्यात कानाला फोनची श्रवणिका (इअरफोन) लावून काम करणाऱ्या प्रौढ स्त्रिया हा मोठा श्रोतृवर्ग होता आणि निवेदकांतही स्त्रियांचा मोठा भरणा होता. परदेशातून दुसरी बायको आणणाऱ्या नवऱ्यांची चर्चा, जी पुरुषांच्या ताब्यातील कुळसभांत होत नसे, येथे रात्रभर चाले. प्रचलित व्याख्येत न बसणाऱ्या या प्रकारालाही ह्मोंग लोक रेडिओच म्हणतात.